पोलाद थकते तेव्हा : रिव्हॉल्व्हरची झीज आणि मोडतोड



चित्रपटातले रिव्हॉल्व्हर तुम्ही पाहिलेच असेल. नायक चाप ओढत राहतो, दर वेळी धाडकन आवाज होतो आणि ते रिव्हॉल्व्हर कधी बिघडत नाही, झिजत नाही, फुटत तर मुळीच नाही. प्रत्यक्षात रिव्हॉल्व्हर हेही शिवणयंत्रासारखे किंवा सायकलसारखे एक यंत्रच आहे. त्याचे भाग एकमेकांवर घासतात, आपटतात, तापतात. फरक एवढाच, की सायकलच्या भागांवर पडणारा ताण आपल्या पायांचा असतो, तर इथे दर वेळी एक छोटासा स्फोट होतो.

हा स्फोट पोलादाला एकदा सहज पेलतो. दहादा पेलतो. पण हजारो वेळा पेलेल का? आणि स्फोटाचा जोर दुप्पट केला तर? या प्रश्नांची उत्तरे शोधताना कारागिरांना आणि अभियंत्यांना धातूंच्या स्वभावाविषयी पुष्कळ शिकायला मिळाले. त्यासाठी काही वेळा मोठी किंमतही मोजावी लागली. हे सारे कसे घडले ते आज आपण पाहू.

रिव्हॉल्व्हरची रचना

प्रथम या यंत्राची ओळख करून घेऊ. रिव्हॉल्व्हरच्या मध्यभागी एक जाडसर पोलादी लाटण असते. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात गोलाकार मांडलेली, बहुधा सहा, आरपार भोके असतात. त्यांना आपण कोठ्या म्हणू. प्रत्येक कोठीत एक काडतूस बसते. चाप ओढला की एक खिट्टी सिलिंडरच्या मागच्या दातेरी चकतीला ढकलते, सिलिंडर एक घर पुढे फिरतो आणि नवी कोठी नळीच्या समोर येते. तेवढ्यात खालून दुसरी एक खिट्टी वर येऊन सिलिंडरच्या बाहेरील खाचेत अडकते आणि त्याला जागच्या जागी धरून ठेवते. मग घोडा पडतो आणि काडतूस पेटते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सिलिंडर फिरायचा तर तो नळीला चिकटून चालणार नाही. दोहोंमध्ये थोडी फट हवीच. ही फट साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असते. म्हणजे गोळीला कोठीतून निघून ही फट ओलांडायची आणि मग नळीत शिरायचे असते. गोळी नेमकी नळीत शिरावी म्हणून नळीचे मागचे तोंड आतून नरसाळ्यासारखे पसरट कोरलेले असते. या नरसाळ्याला कारागीर ‘फोर्सिंग कोन’ म्हणतात. आपण त्याला नरसाळेच म्हणू. फट आणि नरसाळे या दोन जागा लक्षात ठेवा. आपल्या कथेतले बरेचसे दुखणे तिथेच आहे.

दाब किती?

काडतुसातली दारू पेटली की तिचा वायू होतो. घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक वातावरण जास्त असतो. ‘.३८ स्पेशल’ नावाच्या जुन्या आणि सौम्य काडतुसात कमाल दाब सुमारे १,१५० वातावरणे ठरवलेला आहे. ‘.३५७ मॅग्नम’ या जोरदार काडतुसात तो सुमारे २,४०० वातावरणांपर्यंत जातो. मॅग्नम या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘मोठे’ असा आहे.

हा दाब कोठीच्या भिंतीला बाहेर ढकलतो. भिंत ताणली जाते. पातळ भिंतीच्या नळीसाठी एक सोपे सूत्र आहे :

भिंतीतील ताण = आतला दाब × त्रिज्या ÷ भिंतीची जाडी

समजा, त्रिज्या ५ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी २.५ मिलिमीटर आहे. तर भिंतीतील ताण आतल्या दाबाच्या दुप्पट येतो. भिंत निम्मी केली की ताण दाबाच्या चौपट होईल. भिंत जाड असली की हा हिशेब थोडा बदलतो, पण मुद्दा तोच राहतो : दाब वाढवायचा तर एक तर भिंत जाड करा किंवा अधिक बळकट धातू वापरा. भिंत जाड केली की वजन वाढते. कमरेला लावून हिंडायच्या वस्तूचे वजन किती वाढवणार? रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्यांपुढचा खरा पेच हाच आहे.

१८४७ चे अवजड रिव्हॉल्व्हर

या पेचात पहिल्यांदा सापडले ते सॅम्युएल कोल्ट. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध चालू असताना, १८४७ साली, अमेरिकी सैन्यातील कॅप्टन सॅम्युएल वॉकर यांच्या सूचनेवरून कोल्ट यांनी एक प्रचंड रिव्हॉल्व्हर तयार केले. घोडदळाला जोरदार हत्यार हवे होते. त्याचे वजन दोन किलोग्रॅमहून थोडे अधिक भरे! कोल्ट यांचा स्वतःचा कारखाना त्या वेळी नव्हता, म्हणून ती कनेटिकट राज्यात एली व्हिटनी धाकटे यांच्या कारखान्यात बनवली गेली. कापसाची सरकी काढण्याच्या यंत्राबद्दल प्रसिद्ध असलेल्या एली व्हिटनी यांचे हे चिरंजीव.

त्या काळी आजच्यासारखी धातूची काडतुसे नव्हती. शिपाई कोठीत समोरून सुटी दारू ओतत आणि तिच्यावर गोळी ठासत. या रिव्हॉल्व्हरच्या एका कोठीत ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ ४ ग्रॅम काळी दारू मावत असे. (आपल्याकडे सोनार गुंजेने तोलत, तसे बंदुकीच्या व्यवहारात ग्रेन हे माप चालते. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम.)

परिणाम काय झाला? बऱ्याच रिव्हॉल्व्हरांचे सिलिंडर फुटले. त्या काळचे लोखंड आजच्या पोलादासारखे एकजिनसी नसे. घडीव लोखंडात मळीचे बारीक धागे राहून जात, आणि जिथे मळी तिथे धातू दुबळा. स्वस्त आणि भरपूर पोलाद देणारी बेसेमर यांची पद्धत १८५६ साली यायची होती. भरीस भर म्हणून, काही शिपाई शंकूच्या आकाराची गोळी उलटी भरत, असेही सांगितले जाते. दणक्याने आणखी एक गंमत होई. गोळी ठासण्याचा नळीखालचा दांडा आपोआप खाली पडे आणि सिलिंडरचे फिरणेच बंद पडे.

कोल्ट यांनी यातून धडा घेतला. दारू ५० ग्रेनपर्यंतच भरावी असे त्यांनी सुचवले. लगेच १८४८ साली आलेल्या ‘ड्रॅगून’ या नव्या नमुन्यात सिलिंडरची लांबी कमी केली, म्हणजे जास्त दारू मावणारच नाही! नळी आखूड केली आणि दांड्याला चांगली अडकण बसवली.

यातली युक्ती तुमच्या ध्यानात आली का? वापरणारा माणूस सूचना विसरेल हे गृहीत धरून यंत्राची रचनाच अशी करायची, की चूक करता येऊ नये. १९३५ साली .३५७ मॅग्नम बाजारात आले तेव्हाही हीच युक्ती वापरली गेली. त्याच्या गोळीची जाडी .३८ स्पेशलइतकीच होती, पण काडतुसाची टोपण लांबीने सुमारे ३ मिलिमीटर वाढवली. त्यामुळे ते जोरदार काडतूस जुन्या, सौम्य काडतुसासाठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुरते बसतच नाही. मात्र उलट चालते : मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ ची काडतुसे खुशाल वापरता येतात. ही सोय पुढे कशी अडचणीची ठरली ते आता पाहू.

एकदा पेलणे आणि हजारदा पेलणे

बंदूक फुटू नये म्हणून तिची परीक्षा घेण्याची प्रथा फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे १८१३ साली यासाठी खास परीक्षागृह स्थापन झाले. परीक्षा अशी : नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस भरायचे आणि सुरक्षित अंतरावरून उडवायचे. बंदूक टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा.

परीक्षा चांगलीच आहे. धातूत मोठा दोष असेल तर तो इथे उघडा पडतो. पण ही परीक्षा एकाच प्रश्नाचे उत्तर देते : ‘हा धातू मोठा तडाखा एकदा पेलतो का?’ लहान तडाखा हजारदा पेलेल का, हे ती सांगत नाही. हे दोन प्रश्न एकच आहेत असे पूर्वी सगळ्यांनाच वाटे. ते तसे नाहीत हे बंदुकांच्या आधी रेल्वेने जगाला शिकवले.

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्या आसावर त्या दिवशी काही विशेष भार नव्हता. तोच भार तो रोज वाहत होता. मग तो त्याच दिवशी का मोडला?

जर्मन रेल्वेतील अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. आसाचे नमुने यंत्रात फिरवत ठेवून त्यांवर पुनःपुन्हा ताण दिला आणि किती फेऱ्यांनंतर ते मोडतात हे मोजले. १८७० सालापर्यंत त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते असे : एका झटक्यात मोडण्यासाठी जेवढा ताण लागतो त्यापेक्षा पुष्कळ कमी ताणही पुनःपुन्हा दिला तर धातू मोडतो. ताण जितका मोठा, तितक्या कमी फेऱ्यांत तो मोडतो. आणि पोलादाच्या बाबतीत ताण एका ठरावीक मर्यादेच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कितीही फेऱ्या सोसते.

या प्रकाराला ‘धातूची थकावट’ म्हणतात. धातूच्या पृष्ठभागावर कुठेतरी एखादा ओरखडा, खाच किंवा कोपरा असतो. तिथे ताण एकवटतो आणि केसाहून बारीक तडा सुरू होतो. प्रत्येक तडाख्याला तो किंचित पुढे सरकतो. बाहेरून काही दिसत नाही. उरलेला धातू भार पेलण्याइतका उरला नाही, की मग अचानक सगळेच मोडते.

करून पहा

हे तुम्हांला घरीच अनुभवता येईल. कागदांना लावायच्या सारख्या मापाच्या सहा यू-पिना घ्या. डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून पिन चेहऱ्यापासून दूर धरा. तीन पिना सरळ करून प्रत्येक पिन एकाच जागी काटकोनात वाकवा आणि पुन्हा सरळ करा. असे करत राहा आणि ती कितव्या वेळी तुटते ते लिहून ठेवा. उरलेल्या तीन पिना मात्र काटकोनाच्या निम्म्याच, म्हणजे ४५ अंशांत वाकवा. दोन्ही गटांची सरासरी काढा. लहान कोनात वाकवलेल्या पिना किती अधिक वेळा टिकल्या?

आता सातव्या पिनेला कानशीने एक बारीक खाच पाडा आणि खाचेपाशीच वाकवा. ती किती लवकर तुटते ते पहा. खाचेचे महत्त्व तुम्हांला लगेच पटेल. यंत्रांतले ताण याहून पुष्कळ लहान असतात. भाग वाकलेला डोळ्यांना दिसतही नाही. पण नियम तोच.

रिव्हॉल्व्हर कुठे कुठे झिजते?

आता पुन्हा आपल्या यंत्राकडे वळू. जोरदार काडतुसे सतत वापरली तर रिव्हॉल्व्हरला मुख्यतः चार ठिकाणी इजा पोचते.

पहिली जागा म्हणजे फटीच्या वरची सांगाड्याची पट्टी. दर वेळी फटीतून तप्त वायूचा चपटा झोत बाहेर फेकला जातो. त्याचे तापमान पोलाद वितळवण्याइतके, म्हणजे १,५०० अंश सेल्सिअसहूनही जास्त असते. मग पोलाद वितळत का नाही? कारण हा झोत सुमारे एक सहस्रांश सेकंदच टिकतो. आई तव्यावरची भाकरी बोटांनी उलटते, तरी तिचे बोट भाजत नाही, तसेच हे. तरीही पट्टीचा अगदी वरचा थर दर वेळी थोडा खरवडला जातो आणि तिथे एक बारीक आडवी चीर उमटते. ही चीर पाहून नवखा माणूस घाबरतो. पण ती बहुधा थोडी खोल झाली की वाढायची थांबते. कारण खोली वाढली की झोताला पोचायला अंतर वाढते आणि वाटेत तो पसरून निवतो. झीज स्वतःच स्वतःला आवर घालते, असे हे एक नमुनेदार उदाहरण आहे.

दुसरी जागा म्हणजे सिलिंडरचा आस. न्यूटनचा तिसरा नियम आठवा. १०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३७५ मीटर वेगाने पुढे गेली तर तिचा संवेग ०.०१०२ × ३७५, म्हणजे सुमारे ३.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. एक किलोग्रॅमचे रिव्हॉल्व्हर तेवढ्याच संवेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.८ मीटर वेगाने मागे येऊ पाहते. वायूचा धक्का वेगळाच. हाताला हा दणका बसतो हे तुम्हांला ठाऊक आहे. पण रिव्हॉल्व्हरच्या पोटातही तोच दणका बसतो. सिलिंडर मागे आपटतो, पुन्हा पुढे येतो. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीच्या ठोक्यांनी तांब्याचा पत्रा हळूहळू पसरतो, तशीच आपटणाऱ्या भागांची टोके दबत आणि पसरत जातात. सिलिंडर मागेपुढे हलू लागतो. जो सिलिंडर हलू लागला तो पुढच्या वेळी अधिक जोराने आपटतो. इथे झीज झिजेला वाढवते. वरच्या चिरेच्या अगदी उलट!

तिसरी जागा म्हणजे सिलिंडरला अडकवणारी खिट्टी आणि तिची खाच. सिलिंडर जड असतो. चाप झटकन ओढला की तो वेगाने फिरतो आणि खिट्टीने त्याला एकदम थांबवावे लागते. खाचेची कड दबत जाते. दातेरी चकतीही झिजते. मग कोठी आणि नळी एका रेषेत येत नाहीत. गोळी नरसाळ्याच्या कडेला घासते, शिशाची कोर निघते आणि तिचे तुकडे फटीतून बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी इजा होऊ शकते.

ही खाच आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. सहा कोठ्यांच्या पुष्कळ रिव्हॉल्व्हरांत ती कोठीच्या भिंतीवरच किंवा किंचित बाजूला येते. म्हणजे जिथे ताण सर्वाधिक, तिथेच भिंत सर्वांत पातळ! काडतुसात चुकून दुप्पट दारू पडली तर भिंत बहुधा इथूनच उकलते. असा सिलिंडर फुटला तर वरची पट्टीही वाकते किंवा तुटते. ही मात्र थकावट नव्हे. हा एकाच तडाख्याचा अपघात आहे. झीज, थकावट आणि एकदम फुटणे या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

चौथी जागा म्हणजे नरसाळे. त्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

नरसाळ्याला तडा

अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कारखान्याने १८९९ साली मध्यम आकाराच्या सांगाड्याचे एक रिव्हॉल्व्हर काढले होते. ते .३८ स्पेशलसाठी होते आणि पोलिसांत फार लोकप्रिय झाले. .३५७ मॅग्नम आले ते मात्र मोठ्या, जड सांगाड्यावर. दिवसभर कमरेला वागवायला ते अवजड पडे. तेव्हा सीमा-गस्ती दलातील बिल जॉर्डन यांच्या सल्ल्याने १९५५ साली त्याच मध्यम सांगाड्यावर, पण अधिक चांगल्या प्रक्रिया केलेल्या पोलादाचे मॅग्नम रिव्हॉल्व्हर तयार झाले. त्याचे नाव ‘कॉम्बॅट मॅग्नम’. पुढे त्याला १९ हा नमुना क्रमांक मिळाला. वजन सुमारे एक किलोग्रॅम. पोलिसांना ते मनापासून आवडले.

पण मध्यम सांगाड्यात जागा कमी होती. काडतुसे भरण्यासाठी सिलिंडर ज्या हातावर बिजागरीसारखा बाहेर झुलतो, तो हात नळीच्या अगदी खालून जातो. त्याला जागा मिळावी म्हणून नळीच्या मागच्या टोकाचा खालचा भाग सपाट तासावा लागला. म्हणजे नरसाळ्याची भिंत तळाशी इतर बाजूंपेक्षा पातळ झाली.

सुरुवातीला याचे काही वाटले नाही. कारण पोलीस सराव करत ते .३८ स्पेशलच्या स्वस्त आणि सौम्य काडतुसांनी. मॅग्नम काडतुसे फक्त कामगिरीवर जाताना भरत. त्यामुळे हजारो गोळ्यांमध्ये मॅग्नमचा वाटा थोडा असे.

मग एक दुःखद घटना घडली. ६ एप्रिल १९७० रोजी कॅलिफोर्नियात न्यूहॉल येथे झालेल्या चकमकीत महामार्ग-गस्तीचे चार पोलीस मारले गेले. त्यानंतर अमेरिकेत पोलिसांच्या शिक्षणाची कसून फेरतपासणी झाली. सराव सौम्य काडतुसांचा आणि प्रत्यक्ष प्रसंगी मात्र मॅग्नमचा दणका, ही विसंगती अनेकांना खटकली. ज्या काडतुसाने प्रसंग निभवायचा त्यानेच सराव करावा, हा विचार बळावला. विचार योग्यच होता. पण आता रिव्हॉल्व्हरला मॅग्नमचे तडाखे अधूनमधून नव्हे, सतत बसू लागले. त्याच सुमारास १२५ ग्रेन, म्हणजे ८.१ ग्रॅम वजनाच्या हलक्या आणि अतिवेगवान गोळ्या प्रचारात आल्या. काही रिव्हॉल्व्हरांच्या नरसाळ्याला तडे दिसू लागले. आणि तडे कुठे? नेमके तळाशी, जिथे भिंत तासलेली होती तिथे!

इथे तुम्ही विचाराल, की हलक्या गोळीने जास्त इजा कशी? वर केलेला संवेगाचा हिशेब आठवा. ८.१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने गेली तरी तिचा संवेग सुमारे ३.६ भरतो. म्हणजे जड गोळीपेक्षा दणका कमीच! मग याचे कारण काय? साधारणपणे असे स्पष्टीकरण देतात : हलकी गोळी आखूड असते आणि तिच्यामागे दारू जास्त असते. आखूड गोळी टोपणातून लवकर सुटते. ती नरसाळ्यात पुरती बसून बूच लागण्याआधीच तप्त वायू आणि जळते दारूचे कण तिच्या बाजूंनी पुढे घुसतात आणि नरसाळे खरवडतात. खरवडलेल्या पृष्ठभागावर बारीक भेगांची जाळी उमटते. मग ज्या जागी भिंत पातळ असते तिथे तापणे, निवणे आणि ताण यांच्या फेऱ्यांनी त्यांतली एखादी भेग तडा होऊन आरपार जाते. तुम्ही पिनेला पाडलेली खाच इथे वायूनेच पाडली!

ध्यानात घ्या, की या रिव्हॉल्व्हरमध्ये पहिल्या दिवशी काहीही दोष नव्हता. परीक्षेच्या काडतुसातूनही ते सुखरूप पार पडत होते. बदलले ते फक्त तडाख्यांचे प्रमाण. पूर्वी जो ताण क्वचित येई, तो रोजचा झाला.

उपाय

कारखान्याने उपाय शोधला तो १९८० च्या सुमारास. मध्यम आणि मोठा यांच्या मधला एक नवा सांगाडा आखला. त्यात सिलिंडर थोडा मोठा झाला आणि नळीच्या टोकाला पुरेशी जागा मिळाल्यामुळे नरसाळ्याचा तळ तासावा लागला नाही. सर्व बाजूंनी भिंत सारखी आणि जाड राहिली. वजन थोडे वाढले, पण तड्यांचे कारणच नाहीसे झाले. पुढे २०१४ साली मध्यम सांगाड्याचा गंजरोधक पोलादाचा एक नमुना पुन्हा बाजारात आला. त्यातही नळीची रचना बदलून तो सपाट तासलेला भाग टाळला आहे. तोपर्यंत अमेरिकेतील बहुतेक पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून स्वयंचलित पिस्तुले घेतली होती, हा भाग वेगळा.

पाहा, १८४८ साली कोल्ट यांनी दारू मावण्याची जागा कमी केली आणि १९८० च्या सुमारास भिंतीचा धातू वाढवला. एका उपायाने ताण आणणारे कारण घटवले, दुसऱ्याने ताण सोसणारी भिंत वाढवली. ‘दाब किती?’ या विभागातले सूत्र पुन्हा पाहा. दाब आणि जाडी, त्याच्या या दोन टोकांवर हे दोन उपाय बसतात.

तिसरा उपाय म्हणजे वेळच्या वेळी तपासणी. जाणकार कारागीर फीलर गेजच्या पातळ पात्यांनी फट मोजतो. सिलिंडर मागेपुढे किती हलतो ते पाहतो. भिंग आणि दिवा घेऊन नरसाळ्यात तडा शोधतो. तडा डोळ्यांना दिसत नसेल तर त्यावर रंगीत द्रव लावून पुसतात. तड्यात शिरलेला द्रव वर लावलेल्या पांढऱ्या भुकटीत उमटतो आणि तडा आपली जागा सांगतो. ही पद्धत विमानांच्या आणि इंजिनांच्या भागांसाठीही वापरतात.

हे आपल्याला कशासाठी?

तुमच्यापैकी बहुतेकांचा रिव्हॉल्व्हरशी कधी संबंध येणार नाही, आणि तो न आलेलाच बरा. पण थकणारे धातू तुमच्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. सायकलच्या पायट्याचा दांडा, ट्रकचे पाटे, पाळण्याच्या कड्या, जत्रेतल्या चक्राचे आस, पुलांचे जोड. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन जेट प्रवासी विमाने आकाशातच मोडून पडली. शोधाअंती त्याचे कारण निघाले धातूची थकावट! हवेचा दाब भरला-सोडला जात असताना विमानाचे कवच दर उड्डाणाला थोडे थोडे थकत होते.

म्हणून कोणी म्हणाले, ‘हा दोर कालच दोघांना पेलला, म्हणजे भक्कम आहे,’ तर त्याला विचारा, ‘असे किती वेळा पेलले? आणि शेवटचे तपासले कधी?’ एकदा पेलणे ही एक परीक्षा आहे. रोज पेलणे ही दुसरी. पहिलीत उत्तीर्ण झालेला दुसरीतही होईलच असे नाही.

विचार करा

१. कोठीची त्रिज्या तीच ठेवून दाब दुप्पट केला, तर ताण पूर्वीइतकाच राहण्यासाठी भिंतीची जाडी किती करावी लागेल?

२. पट्टीवरची चीर वाढायची थांबते, पण सिलिंडरचे हलणे वाढतच जाते. असा फरक का पडतो? रोजच्या व्यवहारातली दोन्ही प्रकारची एकेक उदाहरणे शोधा.

३. पाच कोठ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये खाच दोन कोठ्यांच्या मधल्या भरीव भागावर येते. त्यामुळे कोणता फायदा होईल?

४. तुमच्या सायकलच्या कोणत्या भागावर दर पावलाला ताण येतो आणि जातो? तिथे एखादी खाच किंवा ओरखडा आहे का, ते आजच पाहून ठेवा.